माझंच लक्ष नव्हतं

चूक झाली तेव्हा ती आपल्याच हातून झाली, हे मास्तरांच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

विमानाने नुकतीच धावपट्टी सोडली होती. उडवत होती शेजारची को-पायलट. मास्तर कॅप्टन असले तरी त्या फेरीला ती सांगेल ते दांडे ओढायचं काम त्यांच्याकडे होतं. "चाकं वर," ती म्हणाली. "चाकं वर," मास्तर म्हणाले, आणि त्यांच्या उजव्या हाताने चाकांचा दांडा सोडून फ्लॅपचा दांडा ओढला. फ्लॅप म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या फळ्या. विमानाचा वेग कमी असतो तेव्हा त्याला हवेत उचलून धरायचं काम त्या करतात. त्या आत जाऊ लागल्या आणि वर चढणारं विमान, जिन्यावर एखादी पायरी चुकावी, तसं खाली बसलं.

तिने इंजिनांचा जोर वाढवला, नाक जरा खाली धरलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "फ्लॅप, सर." हिला अचानक फ्लॅप कुठून आठवले, असं मास्तरांना वाटलं. मग त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा हात अजून फ्लॅपच्या दांड्यावर होता. दुसऱ्याच कुणाचा तरी हात आपल्या बाहीतून बाहेर आलाय असं त्यांना वाटलं. त्यांनी दांडा जागेवर नेला, चाकं वर घेतली. मागे बसलेल्यांपैकी कुणाच्या पोटात गोळा आला असेल तर तेवढंच, बाकी लोक पेपर वाचत होते. पण काळ आला होता, वेळ आली नव्हती, इतकाच काय तो फरक.

विमान चालवणाऱ्या माणसाला मास्तर हे नाव का पडलं, ते सांगायला हवं. वैमानिक कितीही जुना झाला तरी त्याला ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये बसून परीक्षा द्यावी लागते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच हलणारं, खोटं विमान. तिथे मागच्या खुर्चीत परीक्षक म्हणून मास्तर असले की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळे. ते बसल्या जागी इंजिनाला आग लावत, धावपट्टीवर धुकं पाडत आणि वर विचारत, "घाम का आला? एसी तर चालू आहे." त्यांचं एक वाक्य नव्या पोरांना पाठ होतं. हात कधी चुकत नाही, लक्ष चुकतं.

माणूस सरळ होता, हे त्यांचे वैरीही मान्य करत. लांडीलबाडी नाही, वशिला नाही, आजारपणाचं खोटं कारण नाही. घरातही सगळं जागच्या जागी. बायको म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे रोजचं उड्डाण आहे, आधी तपासणी आणि मग चहा. अशा माणसाला दुसऱ्याची सबब ऐकून घेता येत नाही. तोच त्यांचा दोष होता, आणि तो त्यांना आयुष्यभर गुण वाटत आला.

युनियनशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तरुणपणी सगळे झाले म्हणून तेही सभासद झाले होते. बैठकांना जाऊन पाहिलं. विश्रांतीच्या नियमांवर बोलायला जमलेले लोक पार्किंगच्या जागेवरून भांडत बसायचे आणि सेक्रेटरीच्या भाषणाला धावपट्टीचा शेवट नसायचा. हे त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. मग एका वर्षी वैमानिकांनी काम बंद ठेवलं तेव्हा मास्तरांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि युनिफॉर्म चढवून विमान नेलं. युनियन म्हणजे कामचुकारांची छत्री, असं ते चारचौघांत म्हणत.

याला घरचं कारणही होतं. मास्तरांचे वडील छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होते. त्या मशीनने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती. पुढे छापखान्यात संप झाला, मालकाने कुलूप लावलं आणि वडिलांना एका गोदामावर पहारेकरी म्हणून उभं राहावं लागलं. संपाने घर बुडवलं, एवढंच मास्तरांच्या बालमनाने पक्कं धरलं. बोटांबद्दल कुणी विचारलं की वडील एकच वाक्य बोलत. "माझंच लक्ष नव्हतं." ना मालकाला शिव्या, ना नशिबाला दोष. चूक अशी उभ्याने कबूल करावी, हे मास्तर त्यांच्याकडून शिकले होते.

तेव्हा त्या दिवशी विमान उतरल्यावर त्यांनी काय केलं असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. चहालाही हात न लावता त्यांनी स्वतःहून आपल्या चुकीची खबर कंपनीला दिली. त्या आठवड्याच्या रोस्टरमध्ये, म्हणजे फेऱ्यांच्या वेळापत्रकात, अंधार असतानाच घर सोडायच्या फेऱ्या त्यांना लागोपाठ लागल्या होत्या, आणि मध्येच एक उशिरा परतायची फेरी कुणीतरी घुसडली होती. झोप म्हणावी अशी झालीच नव्हती. पण त्याचा त्यांनी उच्चारसुद्धा केला नाही. मुद्दाम लपवलं असंही नाही, ते त्यांच्या मनातच आलं नाही.

कंपनीचा मुख्य वैमानिक, ज्याला सगळे चीफ म्हणत, तो मास्तरांचा शिकतानाचा सोबती. एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले. त्याने मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, खांद्यावर हात ठेवला. काय झालं, हे त्याने विचारलंच नाही. मास्तर सांगायला लागले तर म्हणाला की राहू दे, असं होतं. चौकशीच्या दिवशी फक्त एवढंच म्हण, की क्षणभर लक्ष विचलित झालं. थोडं प्रशिक्षण देऊ आणि परत तुझ्या सीटवर बसवू.

"आणि रोस्टरबिस्टर मध्ये आणू नकोस," तो म्हणाला. "ते युनियनवाल्यांचं पालुपद आहे. तो विषय निघाला तर प्रकरण वर जाईल, आणि मग तुझी सीट माझ्या हातात राहणार नाही."

मास्तर बाहेर आले ते जरा हबकूनच. सीट वाचत होती, आणि बोलायला सांगितलं होतं तेही खोटं नव्हतं. मग जिभेवर कडू काय लागलं, ते त्यांना समजेना. इतक्या वर्षांच्या सोबत्याने आपल्याला एक प्रश्नही विचारू नये, याचा त्यांना धक्का बसला होता.

कॉरिडॉरमध्ये टाचणी उभी होती. टाचणी म्हणजे तीच को-पायलट. ती युनियनच्या कमिटीवर होती आणि तिच्या बारीक, टोचणाऱ्या प्रश्नांवरून हे नाव पडलं होतं. चौकशीला दोघांनाही बोलावलंय, ती म्हणाली, आणि युनियनची प्रतिनिधी म्हणून मी तुमच्या शेजारी बसणार आहे.

"मी सभासद नाही," मास्तर म्हणाले.

"माहितेय. पण शेजारी आपलं माणूस बसवायची मुभा सगळ्या वैमानिकांना आहे. तुम्ही राजीनामा दिलात ना, त्याच वर्षी आम्ही ती मिळवली."

मला उपकार नकोत, असं मास्तर म्हणाले. तिने जराही वेळ न घेता उत्तर दिलं. "तुमच्यासाठी नाही बसत, सर. मला उद्या परत 'चाकं वर' म्हणायचंय. शेजारी झोप न झालेला माणूस असला तर मी मरेन. तो माणूस तुम्ही असलात की आणखी कोण, याने मला काही फरक पडत नाही."

मास्तरांशी असं कुणी बोललं नव्हतं. राग यावा असं बोलणं होतं, पण राग यायच्या आधी त्यांना विमान खाली बसलं तो क्षण आठवला. त्या क्षणात शेजारी तीही होती, याचा विचार त्यांनी आतापर्यंत केलाच नव्हता. तरी ते म्हणाले, की चूक माझी आहे आणि मी एकटा उभा राहीन. तिने खांदे उडवले. मी तिथे असेनच, म्हणाली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी मामा आले. नवरा धड जेवत नाही म्हटल्यावर बायकोने त्यांना फोन केला होता. मामा म्हणजे मास्तरांच्या आईचे धाकटे भाऊ. उजवा हात मनगटापासून नाही. तोही त्याच छापखान्यात गेला, आणि मामा लहानपणापासूनच धांदरट, असं म्हणून आई तो विषय मिटवायची. मामा एका हाताने बुटाची नाडी बांधून दाखवत. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, ते मला विचारा, बाकी सगळं जमतं, असं म्हणत आणि स्वतःच खो-खो हसत. संपात ते पुढे होते, म्हणून मास्तर त्यांना आयुष्यभर 'पुढारी' म्हणत आले होते. मामांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. हाताचं, चीफचं, टाचणीचं. पायलटांनासुद्धा युनियन लागते होय, मला वाटलं ढगात मालक पोचत नसेल, अशी एक फोडणीही दिली. मास्तर हसले नाहीत. उद्या सरळ सांगून मोकळा होणार, ते म्हणाले. "बाबांनी सांगितलं तसं. बोटं गेली तरी त्यांनी कधी दुसऱ्यावर ढकललं नाही. माझंच लक्ष नव्हतं, म्हणाले. बस."

मामांचा चेहरा उतरला. मास्तरांना वाटलं, संपाचा राग असेल. मामा बराच वेळ टेबलावरचा पेला फिरवत राहिले. मग त्यांनी भाचेसुनेकडे पाहिलं, जणू तिची परवानगी हवी होती.

"दाजी खोटं नाही बोलले," मामा म्हणाले. "अर्धं बोलले. त्या मशीनचा खटका सैल होता. पातं आपोआप खाली यायचं. हे दाजींना माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. पण मालक फळं घेऊन हॉस्पिटलात आला, पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, कसं झालं रे? दाजी एकटे. घरात तू तान्हा. नोकरी टिकावी म्हणून म्हणाले, माझंच लक्ष नव्हतं. मालक म्हणाला, शाबास, प्रामाणिक माणूस आहेस. मशीनला कुणी हात लावला नाही."

"मग?"

"मग काय? दाजींना हलकं काम दिलं आणि त्यांच्या जागी त्या मशीनवर मला बसवलं."

मास्तरांची नजर मामांच्या उजव्या बाहीच्या रिकाम्या टोकावर गेली आणि तिथेच अडकली. ती बाही त्यांनी लहानपणापासून पाहिली होती. तिला गाठ मारून खेळले होते. धांदरट म्हणून तिच्यावर हसले होते.

"संप त्यासाठी होता?" त्यांनी विचारलं.

त्यासाठीच होता, मामा म्हणाले. पात्यापुढे जाळी बसवा, एवढी पहिली मागणी होती. पुढे तिला शेपटं जोडली गेली, पुढाऱ्यांची डोकी फिरली, आपण काही सगळं शहाण्यासारखं वागलो नाही. छापखाना बुडाला तो बुडालाच. पण त्यानंतर आजूबाजूच्या छापखान्यांत मालकांनी न मागता जाळ्या बसवल्या.

"ताईने शपथ घातली होती, पोराला सांगायचं नाही म्हणून," मामा म्हणाले. "दाजी रोज माझ्या हाताकडे बघून जेवायचे. तेवढी शिक्षा पुरे होती. पण तू उद्या त्यांचंच वाक्य बोलणार म्हणालास, म्हणून सांगितलं. त्यांचं बाकी सगळं घे. ते वाक्य घेऊ नकोस."

मास्तर त्या रात्री झोपले की नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. बापाची जी गोष्ट त्यांनी पदकासारखी छातीवर लावून मिरवली, तिची दुसरी बाजू अशी निघावी, याने ते मुळापासून हादरले होते.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या खोलीत लांब टेबलाच्या एका बाजूला चीफ आणि त्याचे दोन अधिकारी होते. या टेबलाच्या त्या बाजूला मास्तर अनेकदा बसले होते, या बाजूला पहिल्यांदाच. खुर्ची तशीच, पण इथून समोरची माणसं मोठी दिसत होती. टाचणी आधीच येऊन बसली होती. मास्तर तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. चीफच्या कपाळावर आठी पडली, पण तो हसून म्हणाला, की चला, आटपून घेऊ.

मास्तरांनी चूक जशीच्या तशी सांगितली. काही राखून ठेवलं नाही. मग त्यांनी त्या आठवड्यातल्या फेऱ्या सांगितल्या, झोपेचं सांगितलं. बोलताना त्यांना लाज वाटत होती. जन्मभर ज्याला सबब म्हटलं ते आज आपल्याच तोंडून बाहेर पडतंय, असं वाटत होतं. टाचणी एक शब्दही मध्ये बोलली नाही. तिने फक्त पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

चीफने तोंड वाकडं केलं. हे व्यक्तिगत कारण झालं, तो म्हणाला. रोस्टर सगळ्यांना सारखंच आहे. ते धोक्याचं असतं तर आणखी कुणाच्या हातून असं झालं असतं.

"झालंय," मास्तर म्हणाले. "लाजाळूच्या हातून. हीच चूक, चाकांऐवजी फ्लॅप. त्याची चौकशी मी केली होती, त्या खुर्चीत बसून."

लाजाळू हा एक तरुण को-पायलट होता. मान वर करून बोलायचा नाही म्हणून ते नाव. हाच प्रकार त्याच्या हातून झाला होता. चौकशीत मास्तरांनी त्याला बेपर्वा ठरवलं, आणि पोराचा असा धीर खचला की त्याने पुढे विमान सोडलंच.

चीफने मास्तरांकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात पहिल्यांदाच जुना सोबती दिसला नाही. "ते प्रकरण रोस्टरचं नाही," तो सावकाश म्हणाला. "निष्काळजीपणाचं आहे. तसं तूच ठरवलंस. म्हणजे थकव्यामुळे झालेली चूक आपल्या कंपनीत एकही नाही. तुझीही तशी नाही."

मास्तरांनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मशीनला हात न लावणारा तो मालक कसा दिसत असेल, हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आता कळलं. बराच काळ तो त्यांच्यासारखाच दिसत होता.

टाचणी मग पहिल्यांदा बोलली. दोन्ही चुकांच्या आधीच्या फेऱ्या शेजारी ठेवून पाहायची युनियनची मागणी आहे, आणि ती नोंदवून घ्या, एवढंच ती म्हणाली. चीफला ती नोंदवून घ्यावी लागली. मास्तर एकटे असते तर कुणाच्या बापाने घेतली नसती. निर्णय होईपर्यंत मास्तरांनी उडायचं नाही असं ठरलं. सीट परत मिळेल की नाही, ते कुणीच बोललं नाही.

बाहेर आल्यावर मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. जुन्या फेऱ्यांचे कागद कंपनीकडून मिळायला वेळ लागेल, टाचणी म्हणाली, पण लाजाळूला त्या फेऱ्या आठवत असतील. त्याचा नंबर तिच्याकडे होता. तो आता लोकांना मोटार चालवायला शिकवतो, असं ती म्हणाली. मी लावू का, असं तिने विचारलं. नको, मास्तर म्हणाले, हे माझं मलाच करू दे.

फोन लगेच उचलला गेला. मागे कुठेतरी हॉर्न वाजत होता. मास्तरांनी नाव सांगितलं. मग जुन्या सवयीने तो म्हणाला, "बोला, सर."

मास्तरांनी थेट विचारलं. "तुमची ती चूक झाली, त्या आठवड्यात तुम्हाला कुठल्या फेऱ्या होत्या, आठवतं का? झोप झाली होती का?"

"आठवतं ना, सर," लाजाळू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, जरासं आश्चर्य होतं. "सगळं आठवतं. मी चौकशीत तुम्हाला सांगितलं होतं. सांगायला लागलो तर तुम्ही म्हणालात, झोपेचं रडगाणं नको. माझंच लक्ष नव्हतं एवढं म्हणा आणि मोकळे व्हा. मग मी तेवढंच म्हणालो."

मास्तर फोन कानाला लावून तसेच उभे राहिले. त्यांना त्यातला एक शब्दही आठवत नव्हता.